दहावीनंतर मुंबईत आयटीआय निवडताना

दहावीचा निकाल लागला की मुंबईतल्या घराघरांत अकरावीच्या कट-ऑफची चर्चा सुरू होते, आणि आयटीआयचे नाव निघते ते बहुधा गुण कमी पडल्यावर, तेही नाइलाज म्हणून. याचा एक परिणाम असा होतो की कॉलेजसाठी चार ठिकाणी चौकशी करणारे पालक आयटीआयच्या बाबतीत मात्र घराजवळची संस्था आणि ऐकीव नावाचा ट्रेड (शिकायचा व्यवसाय) एवढ्यावर अर्ज भरून मोकळे होतात. वास्तविक चौकशीची गरज इथे अधिक आहे. कॉलेजात एखादा विषय नीट शिकवला गेला नाही, तर क्लास लावून वेळ निभावून नेता येते; लेथवर, म्हणजे धातू कातण्याच्या यंत्रावर, हात बसवण्यासाठी मात्र गल्लीत क्लास मिळत नाही. जे शिकायचे ते त्या एक-दोन वर्षांत, त्याच कार्यशाळेत.

पुढील मजकुरात एका मुद्द्यावर मी पुन्हा पुन्हा येणार आहे, तो आधीच सांगून ठेवतो. एका आयटीआयमध्ये दहा-बारा ट्रेड असू शकतात. प्रत्येक ट्रेडची संलग्नता वेगळी, युनिटे म्हणजे तुकड्या वेगळ्या, कार्यशाळा म्हणजे शॉप वेगळे आणि शिकवणारा शिल्प निदेशकही वेगळा. फिटरच्या शॉपमध्ये सगळी यंत्रे चालू आणि निदेशक मुरलेले, तर त्याच आवारात पलीकडच्या शॉपमध्ये निदेशकाचे पद रिकामे, असे होऊ शकते. त्यामुळे ‘कुर्ल्याचा आयटीआय चांगला की मुलुंडचा’ या प्रश्नाला तसा काही अर्थ नाही. मला हवा असलेला ट्रेड यंदा कुठे नीट चालू आहे, हे विचारावे लागते.

आधी ट्रेड, मग संस्था

शासनाच्या माहितीपत्रकात ट्रेडना ‘व्यवसाय’ म्हणतात आणि त्यांची मराठी नावे पाहून पालक गोंधळतात. जोडारी म्हणजे फिटर, वीजतंत्री म्हणजे इलेक्ट्रिशियन, तारतंत्री म्हणजे वायरमन, कातारी म्हणजे टर्नर आणि संधाता म्हणजे वेल्डर. इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वायरमन, रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग, मोटार मेकॅनिक, ड्राफ्ट्समन, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक हे दोन वर्षांचे ट्रेड आहेत. वेल्डर, प्लंबर, डिझेल मेकॅनिक, कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट), शिवणकाम, कॉस्मेटॉलॉजी हे एक वर्षाचे. फिटर आणि इलेक्ट्रिशियनसाठी गणित-विज्ञानासह दहावी उत्तीर्ण असावे लागते. वेल्डर, वायरमन, सुतारकाम अशा काही ट्रेडना दहावी अनुत्तीर्ण उमेदवारही अर्ज करू शकतो. वयाची किमान अट 14 वर्षे आहे आणि कमाल मर्यादा नाही, हे दहावीनंतर काही वर्षे इकडेतिकडे कामे केलेल्या तरुणांनी लक्षात ठेवावे.

मुंबईत कोणत्या कामाला उठाव आहे, हे शहराकडे नीट पाहिले तरी कळते. गिरणगावात जिथे साचे चालत, तिथे आता तीस-चाळीस मजली इमारती उभ्या आहेत. त्या प्रत्येक इमारतीत लिफ्ट, पंप, जनरेटर, मध्यवर्ती वातानुकूलन आणि आगीपासून संरक्षणाची यंत्रणा असते, आणि ती चालू ठेवायला रोज माणूस लागतो. ‘लिफ्ट अँड एस्कलेटर मेकॅनिक’ नावाचा दोन वर्षांचा स्वतंत्र ट्रेड अभ्यासक्रमांच्या यादीत आहे, हे अनेकांना ठाऊकच नसते. मेट्रोच्या मार्गिका वाढत आहेत आणि त्यांच्या देखभालीसाठी आयटीआय उत्तीर्ण तंत्रज्ञ घेतले जातात. माहुलचे तेलशुद्धीकरण प्रकल्प, चेंबूरचा खत कारखाना आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील रासायनिक उद्योग यांच्यासाठी ‘अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट’ आणि ‘इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक’ हे ट्रेड उपयोगी पडतात. माझगाव डॉक आणि नौदलाच्या गोदीत फिटर, वेल्डर, पाइप फिटर, इलेक्ट्रिशियन लागतात. अंधेरीच्या सीप्झमध्ये दागिन्यांचे कारखाने आहेत आणि तिथले कौशल्य वेगळेच आहे. ‘मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकल’ हा ट्रेड तुलनेने नवा आहे. शहरात विजेवरच्या बस वाढत असताना तो आकर्षक वाटणे साहजिक आहे, पण नव्या ट्रेडची कार्यशाळा अनेकदा अर्धवट असते, म्हणून तिथे तपासणी दुप्पट करावी.

कोपाविषयी स्पष्ट बोलतो. संगणकाचा ट्रेड म्हटल्यावर घरच्यांना बरे वाटते, कारण हात काळे होत नाहीत. पण मुंबईत डेटा एंट्री आणि कार्यालयीन संगणककामासाठी या उमेदवाराची गाठ थेट पदवीधरांशी पडते, तर चांगल्या वेल्डरची गाठ दुसऱ्या चांगल्या वेल्डरशीच पडते. कोपा घ्यायचाच असेल तर पुढे काय करायचे, हे आधी ठरवून घ्यावे.

ट्रेड ठरवताना प्रकृतीचाही विचार व्हायला हवा. एसी दुरुस्तीच्या कामात बाहेरचे युनिट बहुतेक वेळा इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर टांगलेले असते. उंचीची भीती असणाऱ्याला ते काम रोज झेपणार नाही. वेल्डिंगमध्ये उष्णता, धूर आणि तासन्‌तास एका स्थितीत बसणे आलेच. रंगांधळेपणाची तपासणी तर इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचा अर्ज भरण्यापूर्वीच डोळ्यांच्या डॉक्टरांकडून करून घ्यावी. तारांचे रंग ओळखणे हा त्या कामाचा पाया आहे, आणि रेल्वेच्या वैद्यकीय तपासणीत रंगदृष्टी पाहिली जाते. दोन वर्षे शिकून झाल्यावर हे कळणे फार महाग पडते.

मान्यता कागदावर तपासा

आयटीआयचे शिक्षण ज्या शिल्प कारागीर प्रशिक्षण योजनेखाली चालते, ती केंद्र शासनाने 1950 मध्ये सुरू केली. आज अभ्यासक्रम आणि परीक्षा केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाकडे म्हणजे डीजीटीकडे आहेत, आणि महाराष्ट्रातील संस्था व प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडे, म्हणजे ज्याला सगळे डीव्हीईटी म्हणतात त्याच्याकडे आहेत. संचालनालयाचे कार्यालय महापालिका मार्गावर, सीएसएमटीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, म्हणजे एनटीसी मिळते. देशभर चालणारा कागद हाच.

जाहिरातीतल्या शब्दांपासून मात्र सावध राहावे. ‘शासनमान्य’, ‘आयएसओ प्रमाणित’, ‘भारत सरकारकडे नोंदणीकृत’ ही विशेषणे मुंबईच्या प्रत्येक स्टेशनबाहेरच्या फलकांवर दिसतात. संस्थेची विश्वस्त नोंदणी झाली किंवा उद्यम नोंदणी झाली, तर त्याचा अर्थ एवढाच की ती संस्था कायदेशीर अस्तित्वात आहे. आयएसओ 9001 हे व्यवस्थापन पद्धतीचे प्रमाणपत्र आहे. यांपैकी कशावरूनही अभ्यासक्रमाला मान्यता आहे, असे सिद्ध होत नाही. चौकशीच्या टेबलावर एवढेच विचारावे: ‘या ट्रेडला एनसीव्हीटीची संलग्नता आहे का, किती युनिटांना आहे, आणि संस्थेचा एमआयएस कोड काय?’ एनसीव्हीटी म्हणजे राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषद आणि एमआयएस कोड म्हणजे संस्थेचा ओळख क्रमांक. हा कोड शासकीय संस्थेसाठी ‘जीआर’ आणि खासगी संस्थेसाठी ‘पीआर’ या अक्षरांनी सुरू होतो. त्यानंतरचे 27 हा महाराष्ट्राचा क्रमांक. तो घेऊन एनसीव्हीटीच्या संकेतस्थळावर संस्थेचे नाव, ट्रेड आणि युनिटे घरबसल्या ताडून पाहता येतात. कोड सांगताना टाळाटाळ झाली, तर मुक्काम हलवावा.

एनसीव्हीटी आणि एससीव्हीटी (राज्य व्यवसाय प्रशिक्षण परिषद) यांतला फरकही विचारून घ्यावा. पहिली मान्यता राष्ट्रीय, दुसरी राज्य पातळीवरची. रेल्वे आणि केंद्रीय उपक्रमांच्या जाहिरातींत कोणते प्रमाणपत्र चालते हे प्रत्येक वेळी स्पष्ट लिहिलेले असते. आपल्याला जिथे जायचे आहे त्या आस्थापनेची मागील एखादी जाहिरात काढून वाचली, की शंका राहत नाही. राष्ट्रीय परिषदेचे नियमनाचे काम आता एनसीव्हीईटी या नव्या परिषदेकडे गेले आहे, पण संस्थांमध्ये आणि जाहिरातींत जुनेच नाव सर्रास वापरले जाते. त्यावरून गोंधळून जाऊ नये.

सगळेच अल्पमुदतीचे अभ्यासक्रम वाईट असतात, असे अजिबात नाही. महाराष्ट्र राज्य कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळाचे कार्यालय वांद्रे पूर्वेला खेरवाडीत आहे आणि त्याच्या मान्यतेने अनेक संस्था सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतचे अभ्यासक्रम चालवतात. आधीच कामात असलेल्या आणि एखादेच कौशल्य वाढवू पाहणाऱ्या माणसाला ते पुरेसे असतात. शून्यापासून सुरुवात करणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाला मात्र तीन-चार महिन्यांत कारागीर बनवण्याचे आश्वासन कोणी देत असेल, तर ते मनावर घेऊ नये. जहाजावरच्या नोकरीचे आमिष हा मुंबईचा खास प्रकार आहे. जीपी रेटिंगचा, म्हणजे खलाशीकामाचा, सहा महिन्यांचा अभ्यासक्रम फक्त नौवहन महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या संस्थांतच करायचा असतो आणि त्या संस्थांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर आहे. यादीत नाव नसेल, तर दलालाने कितीही मोठ्या कंपनीचे पत्र दाखवले तरी पैसे देऊ नयेत.

कार्यशाळा स्वतः पाहा

प्रवेशाच्या आधी संस्थेत एकदा जाऊन यावे, आणि प्रशिक्षण चालू असतानाच जावे. सुट्टीच्या दिवशी सगळीच शॉप्स टापटीप दिसतात. प्राचार्यांची किंवा गटनिदेशकांची परवानगी मागितली तर शासकीय संस्थेत सहसा अडवत नाहीत. दारातून पाहून परत येऊ नये. मुलगा किंवा मुलगी सोबत असावी, कारण शिकायचे त्यांना आहे.

जाण्यापूर्वी एक तयारी करावी. भारत स्किल्स या शासकीय संकेतस्थळावर प्रत्येक ट्रेडचा अभ्यासक्रम मोफत मिळतो आणि त्याच्या शेवटी हत्यारे, यंत्रे व उपकरणे यांची यादी संख्येसह दिलेली असते. ती छापून खिशात ठेवावी. 2022 मध्ये सुधारलेल्या अभ्यासक्रमानुसार वर्षाला 1,200 तासांचे प्रशिक्षण असते. पहिल्या वर्षी त्यांतले 840 तास प्रात्यक्षिकाचे, 240 तास व्यवसाय सिद्धान्ताचे आणि 120 तास रोजगारक्षमता कौशल्यांचे. म्हणजे दर दहा तासांतले सात तास हातात हत्यार असायला हवे. एका युनिटमध्ये ट्रेडनुसार 20 किंवा 24 प्रशिक्षणार्थी असतात. आता हिशेब करावा: टर्नरच्या शॉपमध्ये चालू स्थितीतल्या लेथ चार असतील तर एका लेथवर पाच जण येतात, दोनच चालू असतील तर दहा जण. कागदावर 840 तास दोन्हीकडे सारखेच दिसतात. चाकावर हात मात्र दुसऱ्या ठिकाणी निम्माच वेळ पडतो. म्हणून ‘लेथ किती आहेत’ असे विचारू नये, ‘आज किती चालू आहेत’ असे विचारावे.

फिटरच्या शॉपमध्ये गेल्यावर बाकांवरच्या व्हाइस, म्हणजे काम धरून ठेवणाऱ्या पकडी, पाहाव्यात. त्यांचे जबडे घासलेले, हँडल गुळगुळीत झालेले असतील, तर तिथे काम होते. एखाद्या प्रशिक्षणार्थ्याचा जॉब, म्हणजे सरावासाठी केलेला नग, हातात घ्यायची परवानगी मागावी. कानशीने घासून काटकोन केलेल्या लोखंडी तुकड्याला गुण्या लावून तो खिडकीकडे धरला की कडेतून उजेड दिसतो किंवा दिसत नाही; दिसला तर काटकोन चुकला. निदेशक हे मुलांकडून रोज करवून घेतात की वर्षअखेरीस एकदाच, ते त्या तुकड्यांच्या ढिगावरून कळते. कोपऱ्यात पहिल्या महिन्यातले ओबडधोबड तुकडे आणि नंतरचे नेटके जोडकाम असे दोन्ही दिसले, तर शिकवण्याचा क्रम बरोबर चालला आहे. सगळेच तुकडे नवेकोरे आणि एकसारखे असतील, तर ते पाहुण्यांसाठी मांडलेले असण्याची शक्यता धरावी.

वेल्डिंगच्या शॉपमध्ये माझी नजर आधी रॉडच्या थोटकांच्या डब्यावर जाते. डबा भरलेला असेल तर रॉड जळत आहेत आणि मुले शिकत आहेत; तो रिकामा आणि स्वच्छ असेल, तर कच्च्या मालाची टंचाई आहे किंवा प्रात्यक्षिक फळ्यावरच चालले आहे. बूथमधला धूर ओढणारा पंखा चालू आहे का, प्रत्येकाजवळ शिल्ड, हातमोजे आणि चामडी एप्रन आहे का, पायात चपला आहेत की बूट, हेही पाहावे. ज्या निदेशकाला चपलेतला मुलगा वेल्डिंग करताना चालतो, त्याच्या बाकीच्या शिस्तीविषयी वेगळे विचारायला नको. इलेक्ट्रिशियनच्या शॉपमध्ये वायरिंगचे लाकडी बोर्ड मुलांनी स्वतः बांधून सोडलेले आहेत की भिंतीवर कायमचे ठोकून ठेवलेले, मोटार उघडून रिवाइंडिंग करायला मिळते का, अर्थिंगची चाचणी प्रत्यक्ष घेतात का, एवढे विचारले तरी पुरे. एसीच्या शॉपमध्ये गॅस भरण्याचे यंत्र आणि निर्वात पंप यांच्यावरची धूळ पाहावी.

निदेशकांविषयी विचारताना संकोच वाटतो, पण हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. या ट्रेडला नियमित निदेशक आहे, की तासिका तत्त्वावरचा, की शेजारच्या ट्रेडचा निदेशक दोन्ही सांभाळतो? त्याने स्वतः निदेशकांचे प्रशिक्षण, म्हणजे सीआयटीएस केले आहे का? शीव-चुनाभट्टीची राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था, जिला जुने लोक अजून एटीआय म्हणतात, हे प्रशिक्षण देते. दादरला याच प्रकारची महिलांसाठीची संस्था आहे. तासिका तत्त्वावरचा निदेशक उत्तम शिकवतही असेल, पण तो वर्षाच्या मध्येच गेला तर पुढे काय, हे प्राचार्यांना विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे.

आणि शेवटी फाटकाबाहेर थांबावे. पाळी सुटल्यावर दुसऱ्या वर्षाची मुले चहाच्या टपरीवर येतात. त्यांना ‘कॉलेज कसे आहे’ असे विचारले तर ‘चांगले आहे’ असेच म्हणतील. ‘या आठवड्यात कोणता जॉब केला?’ असे विचारावे. ज्याने काम केले आहे तो मापासकट सांगू लागतो, आणि त्याला थांबवावे लागते.

नोकरीची हमी आणि शिकाऊ उमेदवारी

‘शंभर टक्के प्लेसमेंट’ असे लिहिलेली जाहिरात दिसली की तीन गोष्टी विचाराव्यात. मागील तुकडीतली किती मुले परीक्षेला बसली आणि किती उत्तीर्ण झाली? ती कोणत्या आस्थापनांत गेली? आणि त्या आस्थापनेच्या पटावर गेली की मजूर कंत्राटदाराच्या? तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक ठिकाणी शांतता पसरते.

माझ्या मते नोकरीपेक्षा शिकाऊ उमेदवारीविषयी अधिक बारकाईने विचारावे, कारण आयटीआयमध्ये शिकलेले काम खऱ्या कारखान्याच्या वेगाने करायला माणूस तिथेच शिकतो. शिकाऊ उमेदवारी अधिनियम 1961 चा आहे. त्याखालच्या नियमांत 2019 मध्ये झालेल्या बदलांनुसार 30 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, आणि त्या वेळी आयटीआय उत्तीर्णांसाठी किमान विद्यावेतन दरमहा 7,000 रुपये ठरवले गेले. मुंबईत मध्य आणि पश्चिम रेल्वेचे कारखाने, माझगाव डॉक, नौदल गोदी अशा आस्थापना शिकाऊ उमेदवारांची भरती काढतात. माझगाव डॉक तर आठवी, दहावी आणि आयटीआय अशा तीन गटांतून उमेदवार घेते. रेल्वेच्या शिकाऊ भरतीत लेखी परीक्षा नसते. दहावी आणि आयटीआयच्या गुणांवरून गुणवत्ता यादी लागते. त्यामुळे ‘आयटीआयचे गुण कोण बघतो’ असे म्हणणाऱ्यांचे ऐकू नये. प्रात्यक्षिकात उत्तीर्ण होण्यासाठी 60 टक्के लागतात, सिद्धान्ताच्या पेपरात 33 टक्के पुरतात, आणि परीक्षेला बसण्यासाठी 80 टक्के हजेरी लागते. मुलाने केवळ उत्तीर्ण होण्याएवढाच अभ्यास केला, तर रेल्वेच्या यादीत त्याचे नाव फार खाली जाईल.

काही संस्थांत दुहेरी प्रशिक्षण पद्धती, म्हणजे डीएसटी आहे. तीत प्रशिक्षणाचा काही भाग थेट कारखान्यात होतो. मिळत असेल तर ती घ्यावी, मात्र करार कोणत्या कंपनीशी आहे आणि तिथे मुलांना यंत्रावर उभे करतात की मालाची उचलठेव करायला लावतात, याची खातरजमा करून.

पुढील शिक्षणाचे दार बंद होते, ही भीती निराधार आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय पूर्ण केलेल्याला पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेता येतो. इलेक्ट्रिशियन आणि वायरमन यांना राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचा तारतंत्री परवाना काढता येतो. सोसायट्यांची आणि लहान कारखान्यांची कामे स्वतंत्रपणे घ्यायची असतील तर तो उपयोगी पडतो. एक वर्षाचा ट्रेड आणि दोन वर्षांचा ट्रेड यांत मन दोलायमान असेल, तर पदविकेची ही वाट लक्षात घेऊन निर्णय घ्यावा.

प्रवास आणि पैसा

प्रवासाचा विचार नकाशावरच्या अंतराने करू नये, गाडीच्या दिशेने करावा. सकाळच्या पाळीला बदलापूरहून दादरला गर्दीतून उभ्याने येणारा मुलगा दिवसभर बाकाशी पुन्हा उभाच राहणार असतो. कल्याणच्या पलीकडे राहणाऱ्यांनी अंबरनाथची शासकीय संस्था आधी पाहावी. ठाण्याच्या आसपास राहणाऱ्यांना ठाणे आणि मुलुंड दोन्ही जवळ पडतात. विद्यार्थ्यांच्या सवलतीच्या पाससाठी संस्था रेल्वेचा फॉर्म देते का, हेही विचारावे.

शासकीय आयटीआयचे शुल्क अगदी माफक असते. खासगी संस्थेत ते कितीतरी पटींनी जास्त असू शकते, म्हणून प्रवेश शुल्क, परीक्षा शुल्क, गणवेश, हत्यारांचा संच आणि अनामत या सगळ्यांची बेरीज लेखी मागावी आणि प्रत्येक रकमेची पावती घ्यावी. शिष्यवृत्ती आणि शुल्क प्रतिपूर्तीचे अर्ज महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर करावे लागतात. आपल्या प्रवर्गाला ती त्या संस्थेत लागू आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे. सगळ्याच खासगी संस्था महाग किंवा वाईट असतात, असे नाही. कुर्ल्याच्या डॉन बॉस्कोसारख्या धर्मादाय संस्थांनी तांत्रिक शिक्षणाचे काम दीर्घकाळ केले आहे. पण कसोटी त्यांनाही तीच लावावी.

अर्ज भरताना

शासकीय आणि खासगी आयटीआयची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया डीव्हीईटीच्या प्रवेश संकेतस्थळावर ऑनलाइन चालते आणि गुणवत्ता यादीनंतर प्रवेशाच्या फेऱ्या होतात. अर्जात विकल्प भरताना संस्था आणि ट्रेड यांची जोडी निवडावी लागते. आतापर्यंत केलेल्या पाहणीचा उपयोग इथे होतो. पाहून आलेल्या आणि पसंत पडलेल्या जोड्या आधी, त्याच क्रमाने लिहाव्यात. ‘मिळेल का’ या धास्तीने कमी पसंतीचा विकल्प पहिला टाकू नये, कारण पहिल्याच विकल्पाची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते, आणि नाकारली तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद होते. नियमांचे तपशील त्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेत असतात. ती पूर्ण वाचावी. सायबर कॅफेवाल्याच्या सांगण्यावर विसंबू नये आणि अर्जाचा पासवर्ड त्याच्याकडे ठेवू नये.

दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, अधिवास प्रमाणपत्र आणि लागू असेल तर जातीचा दाखला व नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र निकालापूर्वीच गोळा करून ठेवावे. तहसील कार्यालयाचे दाखले जून-जुलैत लवकर मिळत नाहीत. मूळ कागदपत्रे प्रवेश निश्चित करतानाच द्यावीत आणि दिल्याची पोच घ्यावी. केवळ ‘जागा राखून ठेवतो’ असे म्हणून कोणी मूळ दाखला मागत असेल तर देऊ नये.

नियमित फेऱ्यांत काहीच हाती लागले नाही, तर घाईने एखाद्या मान्यता नसलेल्या क्लासमध्ये पैसे भरण्याआधी समुपदेशन फेरीची वाट पाहावी. रिक्त राहिलेल्या जागा त्या फेरीत भरल्या जातात आणि वेल्डर, प्लंबर, शीट मेटल अशा ट्रेडच्या जागा तिथे अनेकदा शिल्लक असतात. जाण्यापूर्वी रिक्त जागांची यादी पाहून, त्यांतल्या जवळच्या दोन-तीन शॉप्सना आदल्या दिवशीच भेट देऊन यावे; आयत्या वेळी संस्थेचे नाव पुकारले जाते तेव्हा विचार करायला मिनिटभराचाही अवधी मिळत नाही.